अठ्ठाविसाला नाचणारी मोटार

बुलढाण्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो, तेव्हा राहायला खोली मिळाली ती गणिताच्या मास्तरांकडे. खोली दाखवण्याआधी त्यांनी मला दारात उभं केलं, कोटाच्या खिशातून पितळी फूटपट्टी काढली आणि चौकटीची उंची मोजली. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

'मावाल,' ते म्हणाले. 'पण टोपी काढून.'

गावात त्यांना गणितवाले मास्तर म्हणत. मी सर म्हणायचो. ते मला भाषावाले म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात थोडी कीव असायची. ज्याच्या विषयात उत्तर ताडून पाहता येत नाही, अशा माणसाबद्दल त्यांना कीवच वाटायची.

घरापासून शाळेपर्यंत ते पावलं मोजत जात. वाटेत कुणी नमस्कार केला तर मोजणी थांबत नसे. 'सातशे बावीस, नमस्कार, सातशे तेवीस, बरं आहे, सातशे चोवीस.' एकदा कचेरीतल्या एका बड्या साहेबानं, नागपूरहून नवीनच बदलून आलेल्या, त्यांना हटकून काही विचारलं. सरांनी बोट वर करून त्याला थांबवलं, शाळेच्या पायरीपर्यंत जाऊन आकडा पुरा केला, आणि मग परत येऊन उत्तर दिलं. साहेब तिथंच उभा होता. पुढे तो त्यांना लांबूनच हात करायचा.

घरात त्यांच्या आकड्यांना दाद न देणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे वहिनी. वहिनी मेहकरकडच्या डोणगावच्या. भाजीत मीठ किती घातलं, असं सरांनी विचारलं की त्या म्हणत, 'चिमूटभर.' चिमूट म्हणजे किती, असं विचारलं की हात पुढे करून चिमूट दाखवत. सर त्या चिमटीकडे बराच वेळ पाहत आणि जेवायला बसत.

अशा माणसानं मोटार घ्यावी, याचं मला अजून नवल वाटतं. एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्याकडे शर्यतीच्या थाटाची एक जुनी मोटार होती. हिरवी, उघडी, लांब नाकाची, पुढे दोघांना जागा. मागच्या बाजूचं झाकण उघडलं की एका माणसापुरती बसायची अडचण निघायची, तिला डिकी म्हणत. ती अडचण बहुधा माझ्या वाट्याला यायची. साहेबानं गाडी फार स्वस्तात दिली आणि दुसऱ्या दिवशीच मलकापूरला जाऊन आगगाडीत बसला. इतकी घाई का, ते सरांना पहिल्याच रविवारी कळलं.

मोटार चांगली पळायची. फक्त ताशी अठ्ठावीस मैलांवर आली की नाचायची. पुढची दोन्ही चाकं हिव भरल्यासारखी डावीउजवीकडे थरथरायची, स्टिअरिंग हातातून निसटू पाहायचं, दिवे लटलटायचे आणि बसलेल्या माणसाचे दात वाजायचे. सत्ताविसाला गाडी शहाणी, तिसाला शहाणी. मधेच काय व्हायचं, देव जाणे. दुसरा कुणी असता तर मिस्त्रीकडे गेला असता. सरांनी एक वही केली आणि तीन रविवार नोंदी घेऊन असा निष्कर्ष काढला की गाडीत दोष नाही, अठ्ठाविसात दोष आहे. तेव्हा अठ्ठावीस टाळायचं.

त्यामुळे त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एक कवायत असे. डोळ्यांवर मोठा चष्मा, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला रुमाल, आणि नजर रस्त्यापेक्षा काट्यावर. काटा सत्ताविसाला आला की ते मागे न पाहता ओरडत, 'भाषावाले, अठ्ठावीस येतंय, धरा.' मी झाकणाच्या कडा धरायचो, वहिनी पदर दातात धरायच्या, गाडी कडाकडा हादरून तिसावर जायची आणि सर म्हणायचे, 'गेलं.' थांबायचं असलं की तोच प्रकार उलटा. पुढे लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटार विटांवर चढवून ठेवली, तेव्हाही ते कधी कधी तिच्यात जाऊन बसत. पण मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आधीची.

वहिनींच्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं म्हणून आम्ही डोणगावला गेलो होतो. परत निघताना सरांच्या सासूबाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. चांगली मोठी, तोंडाला फडकं बांधलेली. वहिनींनी ती मांडीवर घेतली. मेहकर मागे पडलं आणि पुढे एक सर्व्हिस मोटार लागली, माणसांनी आणि कोंबड्यांनी भरलेली. रस्ता अरुंद. ती बाजू देईना. आणि तिचा ड्रायव्हर बरोबर अठ्ठाविसानं चालला होता.

'मागं राहा ना थोडं,' वहिनी म्हणाल्या.

'मागं राहिलो तर धूळ.'

'मग उभी करा.'

'उभी केली तर पुन्हा गाठेपर्यंत दोनदा अठ्ठावीस ओलांडावं लागेल,' सर म्हणाले, आणि हिशेबानं ते बरोबर होतं. म्हणून आम्ही एकदाही न ओलांडता, सबंध एक मैल अठ्ठाविसातच राहिलो.

पहिल्यांदा फडक्याची गाठ सुटली. मग तेल आलं. वहिनींचं नवं लुगडं गुडघ्यापासून खाली लाल झालं. मग फोडी निघाल्या. वाऱ्यानं त्या मागे यायच्या, आणि मागे मी होतो. एक फोड माझ्या चष्म्यावर बसली, एक कॉलरीत गेली. मोहरीच्या डाळीनं डोळे चुरचुरत होते. मी काही बोललो नाही, कारण तोंड उघडण्यात धोका होता.

चिखलीला गाडी थांबली. वहिनी उतरल्या. रिकामी बरणी त्यांनी सरांच्या मांडीवर ठेवली, पदर झटकला आणि मेहकरकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीकडे चालू लागल्या. सर मागोमाग गेले.

'कुठं?'

'डोणगावले.'

'आत्ताच तर आलो तिथून.'

'गाडी नीट झाली म्हंजे न्याले या,' वहिनी शांतपणे म्हणाल्या. 'तुमच्या वहीत नीट झाल्यानं होत नाई. माह्या मांडीले कळलं पाहिजे.'

बुलढाण्यापर्यंतच्या वाटेत अठ्ठावीस आलं तेव्हाही सर 'धरा' म्हणाले नाहीत. मी आपला धरून बसलो होतो.

पुढचे दिवस विचित्र गेले. सर स्वतः स्वयंपाक करू लागले. तांदूळ एक भाग, पाणी दोन भाग, असं मोजून. भात मोजूनमापून करपायचा. तो ते मला आणून देत आणि विचारत, 'मीठ?' मी म्हणायचो, बरं आहे. एका सकाळी आम्ही बरोबर शाळेत निघालो. वाटेत पोस्टमास्तरांनी नमस्कार केला. सर नुसतं 'नमस्कार' म्हणाले. आकडा नाही. पोस्टमास्तर वळून वळून पाहत राहिले. मी म्हटलं, 'सर, करीम मिस्त्रीला गाडी दाखवू या.' ते म्हणाले, 'दाखवू या.'

करीम मिस्त्री सर्व्हिस मोटारींची कामं करायचे. पांढरी दाढी, गळ्यात ताईत, अंगठ्यावर कायमचं काळं. त्यांनी पुढून जॅक लावून चाक अधांतरी केलं, वरखाली दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. आतून खडखड आवाज आला.

'मास्तरसाब, याची किंगपिन गेली,' ते म्हणाले. 'बुश बी गेले.'

सरांना समजेना, तेव्हा मिस्त्रींनी मूठ उभी धरली आणि तिच्यात दुसऱ्या हाताचं बोट घातलं. पुढचं चाक वळतं ते एका उभ्या पोलादी खुंटीभोवती, ती किंगपिन. खुंटी ज्या नळीत बसते ती बुश. घासून घासून खुंटी बारीक झालेली, नळी रुंद झालेली. 'बोट मुठीत खुळखुळून राह्यलं. मंग चाक नाचंल नाई त काय करंल?'

'पण मग अठ्ठाविसालाच का?'

'ते तिले विचारा,' मिस्त्री म्हणाले.

विलायतेहून पिना मागवाव्यात तर गाडी करणारा कारखानाच बुडाला होता. मग मिस्त्रींनी ठरवलं की घरीच करू. भंगारात एका सर्व्हिस मोटारीचा अॅक्सल पडला होता, त्याच्या पिना होतील. मिस्त्रींचा मावसभाऊ खामगावला जिनिंगच्या कारखान्यात लेथवर होता, तो कातून देईल. सर कातायच्या मापाचा तक्ता घेऊन खामगावला गेले, मी बरोबर होतो. इंचाचे हजारावे भाग काढलेले. मावसभावानं तक्ता कौतुकानं पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि जुन्या पिनेला बिडीचं पान गुंडाळून म्हणाला, 'इतकी जाड करतो.'

परत येताना सर मला म्हणाले, 'बिडीचं पान सगळीकडे सारखं जाड नसतं, भाषावाले.' रात्री त्यांनी चार पानं मोजून पाहिली. सारखी नव्हती.

खरी अडचण बुशांची होती. पितळ मऊ, लवकर झिजतं. मिस्त्री म्हणाले, 'कासं पाहिजे. पण निव्वळ कासं ठिसूळ असते. त्यात तांबं घालावं लागते. ओतारी ओतून देईल. कासं तुम्ही आणा.'

घरात काशाचं एकच भांडं होतं. वहिनींची थाळी. लग्नात त्यांच्या आईनं दिलेली, जड, काठावर वहिनींचं माहेरचं नाव कोरलेलं. वाजवली की बराच वेळ वाजत राहायची. सणावारी वहिनी तिच्यात जेवायच्या, एरवी ती फडताळात उभी असायची.

सर चार दिवस त्या फडताळापुढे जाऊन उभे राहत होते. पाचव्या दिवशी थाळी काखेत घेऊन माझ्या खोलीत आले.

'गाडी नीट झाल्याशिवाय ती येत नाही,' ते म्हणाले. 'थाळीशिवाय गाडी नीट होत नाही. ती नसली तर थाळीत जेवणार कोण?'

मी म्हटलं, 'सर, आधी विचारून घ्या.'

'विचारलं तर नाही म्हणेल.'

'म्हणूनच विचारा.'

त्यांनी थाळीवर टिचकी मारली. तिचा आवाज संपेपर्यंत थांबले. मग स्वतःच्या मुंजीतला तांब्याचा गडू शोधून काढला आणि दोन्ही घेऊन गेले. आपल्याकडूनही काही जायला हवं, असं त्यांना वाटलं असावं.

हे इथंच मिटलं असतं. मी बोलणार नव्हतो, मिस्त्री बोलणार नव्हते, आणि ओताऱ्याला थाळी कुणाची ते ठाऊक नव्हतं. पण त्या आठवड्यात मिश्रणाचा धडा चालू होता. सरांनी सातवीच्या वर्गात फळ्यावर गणित घातलं: 'एका गृहस्थाजवळ पत्नीची काशाची थाळी आहे. काशात कथिल पाचात एक भाग. मोटारीच्या बुशास कथिल दहात एक भाग हवे. तर थाळीत तांबे किती मिसळावे?'

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. 'सर, काय केलंत हे?'

'चांगलं गणित आहे. उत्तर सुटसुटीत येतं.'

'वर्गात डोणगावची दोन मुलं आहेत. शनिवारी घरी जातात.'

सरांच्या हातातला खडू खाली पडला. तो त्यांनी उचललाही नाही.

बुश ओतून आले, पिनांना पाणी देऊन त्या कडक करून झाल्या, आणि शुक्रवारी मिस्त्रींनी सगळं बसवलं. चाक धरून हलवलं तर खट्ट आवाज नाही. सर इतके खूश झाले की मिस्त्रींना हात धुवायलाही न देता गाडीत घालून निघाले. मी डिकीत. अठ्ठावीस आलं, गेलं. काही नाही. गाडी सुतासारखी सरळ.

'सरळ चालली,' सर म्हणाले.

मिस्त्री स्टिअरिंगकडे पाहत होते. 'हाव. पण मास्तरसाब, कचेरीपाशी रस्ता वळते.'

सरांनी स्टिअरिंग वळवायला घेतलं. ते वळेना. बिडीच्या पानानं दगा दिला होता. पिना बुशात इतक्या घट्ट बसल्या होत्या की चालत्या गाडीत त्या जाग्यावर आवळून गेल्या. सरांनी दोन्ही हात लावले, मिस्त्रींनी पलीकडून दोन लावले, ब्रेक दाबला. रस्ता आपला वळून गेला. आम्ही सरळ कचेरीच्या फाटकातून आत गेलो, हळूहळू एका झाडाखाली पोचलो आणि अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाच्या मेजापाशी थांबलो. मेज कलंडलं, दौत माझ्या दिशेनं आली नाही एवढंच. कारकुनानं नाकावरचा चष्मा सारखा केला, पाटी सावरली आणि विचारलं, 'अर्ज कोनाच्या नावे?'

'आज नाही,' सर म्हणाले.

गाडी ढकलत परत नेली. मिस्त्रींनी सगळं पुन्हा उपसलं. सर कागद घेऊन बाजूला उभे होते. मिस्त्री म्हणाले, 'मास्तरसाब, तुमचं गनित कागदावर सोळा आने बरोबर. पन पिन कागदात नाई बसवाची.' मग त्यांनी बुश आतून इतका हलका घासला की पाहणाऱ्याला वाटावं, नुसते कुरवाळतायत. पिन बोटानं ढकलली. ती सावकाश, आपल्या वजनानं, खाली उतरत गेली. सरांनी कागद खिशात घातला आणि म्हणाले, 'मलाही करू द्या.' दुसरी पिन त्यांनी बसवली. डोळे मिटून.

शनिवारी चिखलीच्या रस्त्यावर पुन्हा परीक्षा झाली. मिस्त्रींनी घरून कपबशी आणली होती. सरांनी काटा अठ्ठाविसावर धरला. मिस्त्रींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि पूर्ण प्याले. दाढीवर थेंब नाही. 'आता न्या बाईले,' ते म्हणाले.

तोवर डोणगावची मुलं घरी पोचली होती.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी वाटेत एकच सांगत होतो, की आधी वहिनींना गाडीत बसवा, घरी आणा, मग सावकाश सांगा. सर म्हणाले, 'मग ते सांगितल्यासारखं होत नाही. सापडल्यासारखं होतं.' रस्ताभर गाडी लोण्यासारखी चालली होती, पण काट्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

डोणगावला सासरे ओट्यावर बसले होते. तोंडात सुपारी, कपाळाला आठ्या. आम्हाला पाहून त्यांनी आत हाक दिली. वहिनी दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. सर गाडीतून उतरले. डोळ्यांवरचा मोठा चष्मा काढायचं ते विसरले होते.

'गाडी नीट झाली,' ते म्हणाले.

'हाव का.'

'मिस्त्रींनी तिच्यात चहा पिऊन पाहिला.'

'बरं.'

सासऱ्यांनी सुपारी चघळायची थांबवली.

'तुझी काशाची थाळी मी वितळवली,' सर म्हणाले. 'आईनं दिलेली. नाव कोरलेली. चाकात कासं लागत होतं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. हे वाईट केलं.'

मी सहा वर्षं त्यांच्याकडे राहिलो. इतकी वाक्यं एकही आकडा न घालता बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं.

वहिनी पायऱ्या उतरून गाडीजवळ आल्या, पुढच्या चाकाशी उकिडव्या बसल्या आणि आत डोकावून पाहू लागल्या.

'कोन्त्या चाकात हाये?'

'पुढच्या दोन्ही. निम्मी-निम्मी.'

'पाहाले दिसत नाई?'

'नाही. आत असते.'

'नाव?'

'नाव गेलं,' सर म्हणाले.

वहिनींनी चाकावर हात ठेवला. चाक गरम होतं. तरी त्यांनी हात काढला नाही. 'म्हंजे पुढची चाकं माही झाली,' त्या म्हणाल्या.

सर विचारात पडले. 'तांबं माझं आहे,' ते शेवटी म्हणाले. 'मुंजीतला गडू. वजनानं तोही निम्मा.'

'मंग निम्मी गाडी माही, निम्मी तुमची.'

'हो. तसं म्हणता येईल.'

'मंग निम्मा रस्ता मी चालवतो,' वहिनी म्हणाल्या. 'सरका तिकडं.'

सासरे उठून उभे राहिले. म्हणाले, 'अवं, येते का तुले?' वहिनी म्हणाल्या, 'ह्यायले तरी कुठं येत होतं.' आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. लुगड्याचा काष्टा नीट केला. सर वळसा घालून त्यांच्या बाजूला जाऊन बसले आणि कुठला पाय कशावर ते सांगू लागले. पहिल्या धक्क्याला गाडी बंद पडली. दुसऱ्याला ओट्यावरचा पाण्याचा हंडा थोडक्यात वाचला. तिसऱ्याला ती निघाली आणि बाजाराच्या मोकळ्या मैदानाला फेरी घालून आली. गाव जमलं. दुसऱ्या फेरीला वहिनींनी डोक्यावरचा पदर दातात धरला, पण यावेळी त्यांच्या डोळ्यांत निराळंच काही होतं. सर हात हलवून काहीतरी सांगत होते आणि त्या ऐकत नव्हत्या.

फेरी संपली तेव्हा सासूबाईंनी ट्रंक, पापडाचा डबा आणि एक भलं मोठं गाठोडं डिकीत कोंबलं. झाकण कसंबसं लागलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वहिनींनी भोंगा वाजवला, गाडी मेहकरच्या रस्त्याला लागली, आणि अगदी बैलगाडीच्या चालीनं, पण सरळ, दूर दूर जात दिसेनाशी झाली.

बुलढाण्याची सर्व्हिस मोटार आता उद्या सकाळची होती. मी ओट्याशी उभा राहिलो, टोपी हातात घेऊन. सासरे धुळीकडे पाहत होते. मग त्यांनी सुपारी थुंकली आणि माझ्याकडे वळले.

'पोरगी गेली, जावई गेले, अन् तुम्ही राह्यले,' ते म्हणाले. 'चाला गुरुजी, पान वाढलं हाये.'